दुपारचा समुद्र रंगवायचा आहे, कोणाची चित्रं बघू?

काजळीकाठ

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीत आमचं औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते साडेचार शटर खाली असतं. गेली चार वर्षं त्या अडीच तासांत मी जलरंगात चित्रं काढते. जेवण उरकून स्कूटर काढायची आणि कधी भाट्याला, कधी मिरकरवाड्याच्या बंदरावर, कधी मांडवीच्या जेटीवर जायचं. जाऊन-येऊन हातात दीड तास राहतो. सकाळी दुकान, संध्याकाळी काउंटरवर सगळ्यात जास्त गर्दी. त्यामुळे समुद्र माझ्या वाट्याला येतो तो भर दुपारचाच.

हे वेड लागलं एका कॅलेंडरमुळे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने नव्या वर्षाला दिलेलं, बारा महिने बारा समुद्र. पांढरी घरं, भिंतीवरून उतरलेली गुलाबी बोगनवेल, खाली हिरवट निळं पाणी. चित्रकार परदेशी होता, नाव तळाला इतक्या बारीक अक्षरांत की तेव्हा वाचलंही नाही. मार्चचं पान मी मेपर्यंत उलटलं नाही. बिलं करता करता वर बघायचं आणि वाटायचं, या माणसाने कागदात ऊन कोंडलंय कसं? पन्नाशीला टेकले होते. शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरला नव्हता. त्याच महिन्यात रंग आणले.

तेव्हापासून इंटरनेटवर बघून तीसेक चित्रांच्या नकला केल्या. त्या बऱ्या होतात. पण स्वतःच्या किनाऱ्यावर कोरा कागद घेऊन बसले की हात चालत नाही. मागच्या वर्षी मुद्दाम टर्क्वॉइजची (हिरवट निळ्या रंगाची) महागडी ट्यूब मागवली आणि भाट्याचा समुद्र त्या रंगात रंगवला. सासूबाईंना दाखवला. त्या मांडवीच्या, जन्म समुद्रावर गेलेला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चित्र छान आहे गो, पण हे भाट्ये नाही." त्यांचं खरं होतं. आणि मी जसा दिसतो तसा रंगवायला गेले की तो करडा, मातकट, मेलेला होतो. प्रत्यक्षात तो मेलेला नसतो हो! अडीच वाजता तो रिकाम्या गोळ्यांच्या पट्टीसारखा चमकत असतो, डोळे मिटावे लागतात इतका. ते कागदावर येत नाही.

एका शिबिरात गेले होते. तिथे शिकवणाऱ्यांनी माझ्या चित्रावर स्वतःच ब्रश फिरवून ते 'सुधारून' दिलं. चित्र चांगलं झालं, मला मात्र काही कळलं नाही.

तर विचारायचं हे की निसर्ग आणि समुद्र भरभरून रंगांत, उजेडात रंगवणारे आपल्या काळातले चित्रकार कोण? नुसती नावं नकोत, त्यांच्या चित्रात नेमकं काय बघायचं तेही सांगा. आणि दुसऱ्याचं चित्र मनात घेऊन आपलं चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी बघते तेव्हा मला फक्त त्यांचे रंग दिसतात आणि तेच रंग विकत घ्यावेसे वाटतात. शिवाय बहुतेक सगळ्यांचे समुद्र सकाळचे नाहीतर संध्याकाळचे. भर दुपार कोणी रंगवतं का?

ओला कागद (नाशिक)

काजळीकाठताई, टर्क्वॉइजची ट्यूब ठेवून द्या, वाया जाणार नाही. पण तुमची अडचण निळ्या रंगाची नाही असं मला वाटतं.

सुरुवात पुण्याच्या मिलिंद मुळीकांपासून करा. शिक्षणाने इंजिनिअर, वडील प्रताप मुळीक म्हणजे 'अमर चित्र कथा'चे चित्रकार. ज्योत्स्ना प्रकाशनाने त्यांची पुस्तकं काढली आहेत आणि ती सहज मिळतात. त्यांच्या चित्रातले वाडे, गल्ल्या, कौलारू घरं आपल्याच मुलखातली असल्यामुळे 'हे परदेशात असतं, आपल्याकडे नाही' ही सबब उरत नाही. आता काय बघायचं ते सांगतो. रंग नका बघू, सावली बघा. भिंतीवर पडलेली सावली त्यांच्याकडे काळी नसते. एका टोकाला जांभळट, मध्ये निळी, जमिनीजवळ एकदम उबदार. आणि जी भिंत उन्हात आहे तिथे जवळजवळ काहीच नसतं, कोरा कागद. ऊन रंगवलेलंच नाही! सावली इतकी नेमकी रंगवली की ऊन आपोआप झालं.

हे स्वतः पडताळायचं तर त्यांच्या चित्राचा फोटो फोनमध्ये कृष्णधवल करा. रंग गेला तरी ऊन तसंच राहतं. मग तुमच्या भाट्याच्या चित्राचं तसंच करा. पैज लावून सांगतो, सगळं एकाच राखाडीत जाईल. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, आणि आपण नवशिके आधीच भीत भीत लावतो. म्हणून गडद कधी गडद होत नाही आणि मग उजेडाला उजेड म्हणायला शेजारी कोणी उरत नाही.

याच्यासाठी मेलबर्नच्या जोसेफ झ्बुकविच यांची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. रंगात पाणी किती, ते ते खाण्यापिण्याच्या भाषेत सांगतात: चहा, कॉफी, दूध, साय, लोणी. आभाळ चहाइतकं पातळ. होडीच्या बुडाखालचा अंधार लोण्याइतका घट्ट, आणि तो एकाच फटक्यात. माझा अंदाज, तुमचं सगळं चित्र दुधावर अडकलंय.

पाण्यासाठी परेश मैती बघा. पश्चिम बंगालमधल्या तमलुकचे, जन्म १९६५. व्हेनिस आणि केरळचं पाणी त्यांनी जलरंगात खूप रंगवलं आहे. भिजलेल्या कागदावर रुंद वॉश, म्हणजे पातळ रंगाचे पसरट थर, आणि त्यात होड्यांचे मोजके गडद फटके, एवढ्यावर पाणी उभं राहतं. आमच्या नाशिकचे प्रफुल्ल सावंतही बघा, त्यांच्या चित्रांत गर्दी असली तरी उजेडाची वाट मोकळी असते.

पण सगळे एकदम बघू नका. एक चित्रकार, एक महिना. मी पहिल्या वर्षी रोज दहा जणांची चित्रं फोनवर सरकवत बसायचो. डोळे भरायचे, हात रिकामा राहायचा.

निवृत्त मास्तर, दापोली

मी चित्रकार नाही. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि समुद्र रोज बघतो. एवढ्याच अधिकाराने लिहितो.

आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, जमिनीकडून समुद्रावर पडतं. तेव्हा पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि पाण्याचा रंग झाकून नुसती चमक दिसू लागते. ताई ज्या वेळी बसतात ती ही वेळ. हिवाळ्यात तर सूर्य नैर्ऋत्येकडे आणखी खाली असतो, त्यामुळे तीन-साडेतीनलाच चमकीचा पट्टा थेट डोळ्यांवर येतो. पाणी शांत असेल तर हा पट्टा अरुंद, वारा असेल तर रुंद पसरलेला. म्हणजे त्या पट्ट्याच्या रुंदीत वारा दिसतो.

दुसरं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परावर्तित होतो, बाकीचा आत जातो. म्हणून पायाशी पाण्यातली वाळू, गाळ, हिरवट झाक दिसते. नजर जितकी लांब आणि तिरकी जाईल तितकं पाणी आरशासारखं होतं आणि आभाळ दाखवतं. तेव्हा एकाच समुद्राला पायाशी एक रंग आणि लांब दुसरा असायलाच हवा. काजळी नदी भाट्याशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचं पाणी गाळामुळे कॅलेंडरासारखं कधीच दिसणार नाही. त्या चित्रांतलं पाणी नितळ आणि तळाला पांढरी वाळू.

तिसरं, क्षितिजाची रेघ. चमकीचा पट्टा सोडला तर लांबचं पाणी बहुधा त्याच्या लगतच्या आभाळापेक्षा गडद असतं. लाटांचे उतार आपल्याकडे झुकलेले असतात, ते क्षितिजालगतचं फिकट आभाळ न दाखवता वरचं, जास्त निळं आभाळ दाखवतात. फेब्रुवारी-मार्चला धुरकटपणा वाढला की ही रेघ विरून जाते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात ती सुरीने कापल्यासारखी असते.

काजळीकाठ

मास्तर, चार वर्षं तिथे बसतेय आणि पट्ट्याच्या रुंदीत वारा दिसतो हे कधी लक्षात आलं नाही! आज मुद्दाम बघितलं. वारा होता, पट्टा मिऱ्याच्या डोंगराकडे पार पसरला होता.

ओला कागद, तुम्ही म्हणालात तसं माझं चित्र कृष्णधवल केलं. अगदी एकच राखाडी. वाईट वाटलं, पण चार वर्षांत पहिल्यांदा चूक कुठे आहे ते दिसलं.

रंकाळा

ताई, मी कोल्हापूरचा. चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड आणि भिंती रंगवल्या, आता नातवंडं सांभाळतो आणि ऑइलमध्ये निसर्गचित्रं करतो.

एक गोष्ट आधी सांगतो. फोनवर बघितलेल्या चित्राला मागून दिवा असतो. तुमच्या कागदाला दिवा नाही. पडद्यावरचा निळा आणि ट्यूबमधला निळा यांची बरोबरी कधीच होणार नाही, कितीही महाग ट्यूब आणा. म्हणून वर्षातून दोनदा तरी खरं चित्र समोर उभं राहून बघायचं. आंबा घाट चढून या, आमच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. आजचे नव्हेत ते, १९३१ साली गेले. पण उजेड शिकायला त्यांच्याइतकं जवळचं मला दुसरं कोणी सापडलं नाही. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि परत येऊन हाच रंकाळा, हेच कोटीतीर्थ पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तेच पाणी, तीच झाडं. त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं रंकाळ्यात सोडून दिली असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी मी काठावर बसून पाण्यात वाकून बघायचो, एखादं वर येतं का म्हणून.

चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालयही कोल्हापुरातच. लोकांना ते सिनेमातले चंद्रकांत म्हणून माहीत, पण निसर्गात बसून काढलेली त्यांची चित्रं बघा.

अलीकडच्यांपैकी म्हणाल तर रवी परांजपे यांचं काम मनापासून बघा. बेळगावात जन्म, नंतर पुण्यात राहिले, २०२२ साली गेले. त्यांचा निसर्ग दिसतो तसा नाही, सजवलेला आहे. पानं, डोंगर, पाणी यांची नक्षी होते आणि रंग एकमेकांना धरून गातात. तुम्ही लिहिलंत की दिसतं तसं काढलं की मेलेलं होतं. मग दिसतं तसंच काढायचं हा नियम कोणी घातलाय?

आता नकलेचं. नक्कल वाईट, असं मी म्हणणार नाही. माझं पोट नकलेवर चाललं. चौकटी आखून लहान फोटोवरून वीस फुटी चेहरा उतरवायचो. पण माझ्या उस्तादांनी एक सवय लावली होती, ती तुम्हाला देतो. चित्राची नक्कल करायची, मग मूळ आणि नक्कल दोन्ही उलटी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते चित्र आठवून काढायचं, न बघता. जेवढं आठवलं तेवढंच तुमच्या हाताला लागलं. बाकीचं नुसतं उतरवलं होतं. मला पहिल्या वेळी दोन गोष्टी आठवल्या, खांद्यामागचा अंधार आणि कपाळावरची एक पांढरी रेघ. उस्ताद म्हणाले, बास, आज एवढंच शिकलास, आणि एवढं पुष्कळ आहे.

हे करा. तुमच्या तीस नकला वाया गेल्या नाहीत, त्या फक्त अजून आठवून काढायच्या राहिल्यात.

पावसाळी देश

ताई, मी मूळची गुहागरची. अकरा वर्षं इंग्लंडात लीड्सला नर्स आहे. इथे डिसेंबरात दुपारचे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पहिला हिवाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. त्या हिवाळ्यात वॉर्डमधल्या एका सहकारी बाईने मला सॉल्टेअरला नेलं. तिथे जुन्या कापडगिरणीत, सॉल्ट्स मिलमध्ये, डेव्हिड हॉकनी यांची खूप चित्रं लावलेली असतात. ते शेजारच्या ब्रॅडफर्डचे, जन्म १९३७. बरीच वर्षं कॅलिफोर्नियाच्या उन्हात राहिले आणि नंतर म्हातारपणी यॉर्कशायरला परतून इथलाच निसर्ग रंगवायला लागले.

मी बाहेरच्या चिखलातून, करड्या आभाळाखालून आत गेले आणि समोर जांभळा रस्ता. नारिंगी बुंधे. पोपटी, अगदी आपल्या भातखाचरांसारखं पोपटी गवत. मला हुंदका आला, खरंच सांगते. वाटलं, हा माणूस याच देशात राहतो का?

राहिला होता. एका सुट्टीच्या दिवशी मी वोल्डगेटला गेले. त्यांनी वर्षानुवर्षं रंगवलेला साधा, झाडांमधून जाणारा रस्ता. २०११ च्या वसंताची चित्रं त्यांनी तिथे केली, त्यातली बरीच आयपॅडवर, आणि २०१२ मध्ये ती लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. मी गेले तेव्हा पाऊस पडून गेला होता. रस्ता काळा होता. पण दहा मिनिटं बघत उभी राहिल्यावर ओल्या डांबरात आभाळाचा जांभळा दिसायला लागला. आधी तो होताच, मला दिसत नव्हता. त्यांनी रंग मनाने घातला नव्हता, दिसलेला रंग बेधडक वाढवला होता. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. त्यांचा जांभळा तुम्ही घेऊ नका. त्यांच्यासारखं दहा मिनिटं उभं राहून, आपल्या समुद्रात लपलेला रंग कोणता ते शोधा आणि मग त्याला न घाबरता मोठा करा.

समुद्राचे म्हणाल तर कर्ट जॅक्सन. कॉर्नवॉलच्या टोकाला सेंट जस्ट म्हणून गाव आहे, तिथे त्यांची गॅलरी आहे. दोन वर्षांपूर्वी गाडीने साताठ तास प्रवास करून गेले. हे गृहस्थ ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकले, आईवडील चित्रकार. मोठाले कॅनव्हास किनाऱ्यावर जमिनीवर पसरून तिथेच रंगवतात. चित्राजवळ गेल्यावर कळतं की रंगात अक्षरंही आहेत. त्या वेळी काय ऐकू आलं, कोणता पक्षी गेला, हवा कशी होती, असं चित्रावरच लिहिलेलं. त्यांचा समुद्र लांबून बघितला की चकाकतो आणि जवळ गेलं की नुसते शिंतोडे, ओघळ, खरवडलेल्या रेघा. चमक शिंतोड्यांनी येते, गुळगुळीत वॉशने नाही, हे मला तिथे कळलं.

तुम्हीही कागदाच्या कडेला लिहून बघा. वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठून, कोणती होडी आत येत होती. मी वॉर्डमध्ये दर तासाला नोंदी करते, त्यामुळे मला ही सवय सोपी गेली. तुम्हालाही जाईल, औषधांच्या नोंदी ठेवता ना.

भर दुपार कोणी रंगवत नाही म्हणता, तर मग ती तुमची. आम्ही इथे बसून त्या दुपारसाठी झुरतो. अंगणात वाळत घातलेली आमसुलं, तापलेला जांभा, आणि लांबवर ती पांढरी फटफटीत रेघ. तुम्ही रंगवलीत तर मला फोटो पाठवा.

ओला कागद (नाशिक)

रंगाला न घाबरणं याबद्दल एक जोड देतो. अमेरिकेचे वोल्फ कान, १९२७ ते २०२०. जन्म जर्मनीतला, लहानपणी नाझींपासून सुटून अमेरिकेला आले. व्हरमाँटची झाडं आणि कोठारं त्यांनी तेलरंगात आणि पेस्टलमध्ये गुलाबी, नारिंगी, जांभळ्या रंगांत रंगवली. डोळे दिपतात. पण नीट बघा, त्या नारिंगीच्या शेजारी नेहमी एखादा शांत करडा-जांभळा असतो. ताई, तुमचा समुद्र करडा होतो म्हणून रडू नका, करडा हीच तुमची ताकद ठरेल. फक्त काळ्या रंगाने करडा करू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, कमी-जास्त करून तो थंडही होतो आणि उबदारही. पांढरा रंग तर डबीतून काढूनच टाका.

काजळीकाठ

तीन आठवडे झाले. उशीर झाला त्याबद्दल माफी, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

महिनाभरासाठी मुळीकांना निवडलं. पुस्तकातल्या एका गल्लीच्या चित्राची नक्कल केली आणि रंकाळाकाकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही उलटी ठेवली. दुसऱ्या दुपारी आठवून काढायला बसले. मला तीन गोष्टी आठवल्या: दारातला अंधार, त्याला टेकलेला उन्हाचा कोरा तुकडा, आणि सावलीची खालची कड लालसर होती. खिडक्या किती होत्या, माणसं कुठे होती, काही आठवलं नाही. ते तीन तुकडे घेऊन मी मिरकरवाड्याला गेले.

आणि तिथे तेच तीन तुकडे होते! ओढून ठेवलेल्या होडीखाली घट्ट अंधार. तिच्या बाजूवर पडलेलं पांढरं ऊन. आणि त्या अंधाराच्या खालच्या कडेला जांभ्याच्या लाल मातीवरून उसळून आलेला लालसर उजेड. चार वर्षं मी त्या होडीच्या शेजारी बसून समोर समुद्राकडे बघत होते.

मग सगळं उलटं केलं. रंग समुद्राला द्यायचा नाही असं ठरवलं. समुद्र जवळजवळ कोरा सोडला. चहाइतका पातळ, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा थंड करडा, तोही वरच्या बाजूला. मास्तरांनी सांगितलेली क्षितिजाची गडद रेघ एका फटक्यात ओढली आणि चमकीच्या पट्ट्याशी ब्रश उचलून घेतला. पट्ट्याच्या कडेला ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावरून घासला, खरखरीत कागदाच्या खळग्यांत पांढरं राहिलं. तीच चमक. पट्टीमागची चांदी! पायाजवळच्या पाण्यात थोडी पिवळट हिरवी झाक. आणि सगळा रंग होड्यांना दिला. निळी ताडपत्री, हिरव्या जाळ्यांचा ढीग, लाल कडेचा ट्रॉलर, काठीला बांधलेलं भगवं फडकं. इथे टर्क्वॉइजची ट्यूब उघडली. ताडपत्रीला ती अगदी बरोबर बसली.

होडीखालचा अंधार लोण्याइतका घट्ट लावताना हात थरथरला. पहिले दोन कागद गेले. एकात मी वाळायच्या आत पुन्हा ब्रश घातला आणि चिखल झाला, दुसऱ्यात अंधार पुन्हा दूधच झाला. एक अडचण मी आधी लिहिली नव्हती: इथल्या दुपारी एप्रिलसारखं ऊन असलं की वॉश दोन मिनिटांत वाळतो, कडा कडक होतात, आणि पावसाळ्यात तोच कागद तासभर वाळत नाही, काही कागदांवर तर डाग पडतात. आता कागद डबाबंद ठेवते, आत औषधांच्या डब्यांतल्या सिलिकाच्या पुड्या टाकून. त्या आमच्याकडे पुष्कळ असतात.

तिसरा कागद झाला. कडेला लिहिलं: दुपारी ३ वाजून १० मिनिटं, वारा वायव्येकडून, पट्टा रुंद, ट्रॉलरवर रेडिओ चालू. 'पावसाळी देश', लिहिताना तुमची आठवण काढली. फोटो पाठवते आहे.

संध्याकाळी चित्र सासूबाईंसमोर ठेवलं. त्या चष्मा पुसून बघत राहिल्या. म्हणाल्या, "मिरकरवाडा." एवढंच. मग थोड्या वेळाने, "पण भरती की ओहोटी? होडीच्या बुडाला ओली रेघ कुठे आहे?"

मी ती रेघ काढलीच नव्हती. बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितली. ओलं लाकूड कोरड्यापेक्षा नुसतं गडद नसतं, त्यात आभाळही थोडं उतरलेलं असतं.

रंकाळाकाका, जाऊबाई फार्मासिस्ट आहेत, त्या एक दिवस दुकान बघतो म्हणाल्यात. पहाटेच्या गाडीने निघाले तर आबालाल बघून संध्याकाळी परत येता येईल का?

रंकाळा

येईल. सोमवार सोडून कधीही या. सकाळी लवकर पोचलात तर आधी रंकाळ्यावर जाऊ, तुम्हाला चार वर्षांत मिळाली नाही ती सकाळ पाण्यावर बघा, मग टाऊन हॉल. ती भाट्याची टर्क्वॉइज आणि मिरकरवाडा, दोन्ही चित्रं बरोबर आणा. आबालालांसमोर दोन्ही धरून बघू. वाया गेलेले दोन कागदही आणा.